बायक्रोमेटची बरणी: रतलाम, लोणावळा, परभणी आणि होलोग्राम

या भागात आकडे आणि रसायनांची नावं जरा जास्त आहेत, आणि ऐकताना ती निसटतात. म्हणून नेहमीप्रमाणे लिहून काढलेला मजकूर इथे देतोय. बोलताना जे इकडचं तिकडं झालं होतं, ते थोडं सरळ केलंय.

सुरुवात परभणीतूनच करतो. बारावीची परीक्षा झाल्यावरच्या सुट्टीत मी एका स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानात जाऊन बसायचो. पगार वगैरे काही नाही. चहा, आणि दुपारी पंख्याखाली जागा. लग्नसराईचे दिवस. मानवत, पाथरी, जिंतूर, कुठकुठली माणसं पत्रिका छापून घ्यायला यायची. दुकानाच्या मागे एक अंधारी खोली होती. तिथे लाल झिरोचा बल्ब. दुकानाचे मालक, त्यांना सगळे काकाच म्हणायचे, लाकडी फ्रेमवर ताणलेल्या जाळीच्या कापडावर एक चिकट पिवळं द्रावण पट्टीने ओढून लावायचे. ते अंधारातच वाळवायचं. मग त्याच्यावर मजकुराचं ट्रेसिंग, वरून काच, आणि फ्रेम बाहेर उन्हात. परभणीचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे तुम्हाला सांगायला नको. थोड्या मिनिटांत काम व्हायचं. फ्रेम नळाखाली धरली की जिथे ऊन लागलं तिथला थर घट्ट बसलेला, आणि जिथे काळ्या अक्षरांची सावली पडली तिथला थर धुऊन निघालेला. जाळीत "श्री गणेशाय नमः" उघडं व्हायचं. आता वरून शाई ओढा आणि छापत राहा.

त्या द्रावणात एका बरणीतले नारिंगी खडे विरघळवून टाकलेले असायचे. काका त्याला बायक्रोमेट म्हणायचे. पुस्तकातलं नाव डायक्रोमेट.

एकदा माझ्याकडून घोळ झाला. संध्याकाळी दोन फ्रेमला थर लावून ठेवला आणि गावी निघून गेलो. तीन दिवसांनी आलो. फ्रेम अंधाऱ्या खोलीतच होत्या, उजेडाचा थेंब नाही. पण उन्हात दाखवून धुवायला घेतल्या तर अक्षरंच उघडेनात. सगळा थर दगडासारखा. मी शपथेवर सांगितलं की दार उघडलं नव्हतं. काका हसले. म्हणाले, "दार कशाला उघडायला पाहिजे? ते अढीत घातलेल्या आंब्यासारखं अंधारातही पिकतं."

पुढे बऱ्याच वर्षांनी होलोग्रामवरचं वाचताना नेमका हाच प्रकार समोर आला. बायक्रोमेट मिसळलेला जिलेटिनचा थर अंधारात ठेवला तरी हळूहळू कडक होत जातो. म्हणून लेप लावलेली काच एकदोन दिवसांत वापरावी. शास्त्रज्ञ याला अंधारातली अभिक्रिया म्हणतात. काकांनी ती अढीच्या एका शब्दात सांगून टाकली होती. तेव्हापासून मला या दोन गोष्टी एकमेकांपासून वेगळ्या करता आल्या नाहीत. लेसरवाल्यांच्या प्रयोगशाळेतला उत्तम प्रतीचा होलोग्राम आणि लग्नपत्रिकेची फ्रेम हे एकाच घराण्यातले आहेत. आणि ते घराणं छापखान्याचं आहे.

आता घराण्याचा मूळ पुरुष बघू. १८३९ साल. फोटोग्राफीचा जन्म याच वर्षी जाहीर झाला, आणि चांदीच्या क्षारांभोवती सगळा गाजावाजा चाललेला. त्याच वर्षी मे महिन्यात एडिनबर्गच्या मंगो पाँटन यांनी दाखवलं की पोटॅशियम बायक्रोमेटच्या द्रावणात भिजवलेला कागद उन्हात ठेवला की त्याचा रंग बदलतो, आणि न बदललेला भाग पाण्याने धुऊन टाकता येतो. चांदी महाग, हे स्वस्त. पाँटन यांनी पेटंटही घेतलं नाही. कागद उन्हात का बदलतो, हे पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या एदमाँ बेकरेल यांनी बरंचसं ओळखलं: बायक्रोमेट एकटं काही करत नाही, कागदाला लावलेल्या खळीबरोबर मिळून करतं. मग १८५२ मध्ये फॉक्स टॅल्बट यांनी खळीऐवजी जिलेटिन घेतलं, आणि १८५५ मध्ये आल्फोन्स प्वातव्हँ यांनी त्यातून छपाईच्या दोनतीन पद्धतीच उभ्या केल्या.

जिलेटिन म्हणजे काय? आपला सरसच की. सुताराकडे असायचा तो, हाडं-कातडी उकळून काढलेला. फक्त हा स्वच्छ, गाळलेला. कोमट पाण्यात विरघळतो, थंड पाण्यात फुगतो. बायक्रोमेटमधलं क्रोमियम प्रकाश लागला की एका रूपातून दुसऱ्या रूपात जातं, आणि हे दुसरं रूप जिलेटिनच्या लांबलांब धाग्यांना एकमेकांशी टाके घालतं. टाके पडले की तो भाग विरघळत नाही, फुगतही कमी. कातडं कमावताना क्रोमियम जे करतं, तेच हे. थोडक्यात, उजेडाने सरसाचं चामडं होतं. जितका उजेड, तितके टाके. या एका गोष्टीवर पुढची पावणेदोनशे वर्षं उभी आहेत.

ही विद्या आपल्याकडे कशी आली? आधी नकाशांतून. इंग्लंडमध्ये १८५९-६० च्या सुमारास सर हेन्री जेम्स यांच्या खात्याने नकाशे छापायला फोटोझिंकोग्राफी वापरायला सुरुवात केली. नकाशाचा फोटो काढायचा, बायक्रोमेट-सरसाच्या कागदावर तो उतरवायचा, तिथून जस्ताच्या पत्र्यावर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्याचं असं ऑफिस पुण्यात चालू झालं होतं. पुणेकर आजही फोटोझिंको प्रेस म्हणतात ते हेच. जुन्या नकाशांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्याचं नाव सापडतं. आपली परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे त्या ऑफिसाच्या हद्दीबाहेर. पण तालुक्याचा नकाशा हातात धरून सीमेवरून भांडणाऱ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी नकळत ही रसायनविद्या हाताळलेली आहे.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, कारण त्या रस्त्यावर एक ओळखीचा माणूस भेटतो. धुंडिराज गोविंद फाळके. दादासाहेब. त्यांचं नाव काढलं की आपण थेट ३ मे १९१३ ला, "राजा हरिश्चंद्र"वर उडी मारतो. पण सिनेमाआधीचे फाळके कोण होते? छपाईचे कारागीर. जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला, मग बडोद्याचं कलाभवन. सयाजीरावांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये उभी केलेली ही संस्था, हाताच्या कामाला रसायनशास्त्राची जोड देणारी. गज्जर स्वतः रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी फाळक्यांना रतलामला पाठवलं. शिकायला काय? तीन रंगांचे ब्लॉक बनवणं, फोटो-लिथो ट्रान्सफर आणि कोलोटाइप.

या यादीतल्या शेवटच्या दोन गोष्टींवर जरा थांबू या, कारण त्या दोन्हींचा जीव बायक्रोमेट आणि जिलेटिनमध्ये आहे.

कोलोटाइपमध्ये जाड काचेवर बायक्रोमेट मिसळलेल्या जिलेटिनचा थर देतात आणि ऊब देऊन वाळवतात. थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या सुरकुत्या पडतात. मग निगेटिव्हखाली उजेड. नंतर धुऊन काच ओलसर ठेवायची. जिथे टाके जास्त पडले तिथे पाणी शिरत नाही, तिथे तेलकट शाई बसते; जिथे थर पाणी धरून असतो तिथे शाई बसत नाही. मधल्या सगळ्या छटा आपोआप येतात, ठिपक्यांची जाळी लागत नाही. छपाईत इतके मऊ करडे रंग दुसऱ्या पद्धतीने क्वचितच मिळतात. मात्र खोलीची हवा थोडी कोरडी झाली की ठसा बिघडला, थोडी दमट झाली की पुन्हा बिघडला. कोलोटाइपवाला माणूस अर्धा छपाईवाला आणि अर्धा हवामानखात्याचा.

फोटो-लिथो ट्रान्सफर जरा वेगळं. कागदावरच्या थराला निगेटिव्हखाली उजेड दाखवायचा, मग अख्ख्या कागदाला तेलकट शाई फासायची आणि कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवायचं. न कडक झालेला सरस शाईसकट निघून जातो, रेघा तेवढ्या राहतात. तो कागद दगडावर दाबला की रेघा दगडावर. राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत १८९४ मध्ये सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्या घराघरांत लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी गेल्या त्या या छापखान्यातून. फाळके काही काळ पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन होते. ती नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्याला स्वतःचा एन्ग्रेव्हिंगचा कारखाना काढला, आणि रविवर्मा प्रेसला फोटो-लिथो ट्रान्सफर करून देणं हे त्या कारखान्याचं मुख्य काम होतं. पुढे कारखाना दादरला आला, नवे भागीदार आले, त्याचं लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झालं, १९०९ मध्ये फाळके यंत्रं बघायला जर्मनीला जाऊन आले, आणि भागीदारांशी बिनसल्यावर रिकाम्या हाताने बाहेर पडले.

आपण हे "सिनेमाआधीची धडपड" म्हणून दोन ओळींत गुंडाळतो. मला ते पटत नाही. सरसाच्या थराला उजेड किती वेळ दाखवायचा, पाणी किती कोमट, आज हवेत ओल किती, हे बोटांनी ओळखणारा माणूस त्या धडपडीत तयार झाला. सिनेमाची फिल्म तरी काय असते? जिलेटिनचा थरच, बायक्रोमेटच्या जागी चांदीचे कण. दादरच्या घरात सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडत, रसायनं कालवत. त्या घरात जिलेटिन हा काही नवा पाहुणा नव्हता.

बरं, आता होलोग्राम.

गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर, पाणी संथ असताना, दोन दगड थोड्या अंतरावर टाका. दोन्हीकडची वलयं एकमेकांत शिरतात. काही ठिकाणी पाणी दुप्पट उचलतं, काही ठिकाणी जागचं हलत नाही. ही जी नक्षी तयार होते, तिच्यात दोन्ही दगड कुठे पडले याची पूर्ण हकिकत असते. प्रकाशाच्याही लाटाच. साधा फोटो एवढंच सांगतो की कुठून किती उजेड आला. वस्तूवरून आलेल्या लाटांवर दुसरी एक साधी लाट सोडली आणि दोघींची नक्षी टिपली, तर त्या नक्षीत वस्तूची खोलीही येते. ही कल्पना डेनिस गाबोर यांनी १९४८ मध्ये मांडली. इकडे परभणीत रझाकारांची दहशत होती आणि सप्टेंबरात पोलिस ॲक्शन व्हायची होती, तेव्हाची ही गोष्ट. पण एकसुरी, शिस्तीत चालणारा उजेड तेव्हा नव्हताच. लेसर आला १९६० मध्ये. मग मिशिगनचे लीथ आणि उपाटनिक्स आणि लेनिनग्राडचे युरी डेनिस्युक यांनी १९६२ पासून पुढे होलोग्राम खऱ्या अर्थाने उभा केला. गाबोर यांना नोबेल मिळालं १९७१ मध्ये.

डेनिस्युक यांची पद्धत सगळ्यात साधी. लेसर, मध्ये काच, काचेमागे वस्तू. उजेड काचेतून पार होऊन वस्तूवर पडतो आणि परत काचेकडे येतो. जाणारी लाट आणि येणारी लाट काचेवरच्या थरातच एकमेकींना भिडतात, आणि थराच्या जाडीत पापुद्र्यांसारखे उजेड-अंधाराचे स्तर पडतात. निळ्या-हिरव्या ४८८ नॅनोमीटरच्या उजेडात हे स्तर जिलेटिनमध्ये साधारण १६० नॅनोमीटरवर येतात. थर १० मायक्रॉनचा असेल तर त्यात साठेक पापुद्रे. अशा काचेवर साधा पांढरा दिवा टाकला तरी ती आपल्याला हवा तो रंग निवडून परतवते आणि वस्तू दिसते, लेसर लागत नाही.

डेनिस्युक यांनी प्रेरणा घेतली ती गाब्रिएल लिपमान यांच्याकडून. लिपमान यांनी १८९१ मध्ये असेच पापुद्रे वापरून, कुठलाही रंग न घालता, रंगीत फोटो काढला होता. आणि पुढच्याच वर्षी त्यांनी चांदी बाजूला ठेवून बायक्रोमेट घातलेल्या जिलेटिनवर तोच प्रयोग केला! थर ओला केला की रंग दिसत, वाळला की नाहीसे होत. छापखान्याच्या सरसात प्रकाशाचे पापुद्रे पहिल्यांदा उमटले ते तेव्हा. पण ओल्या काचेचा रंग टिकवायचा कसा हे सुटलं नाही, आणि ती वाट तिथेच थांबली.

ती पुन्हा उघडली ७६ वर्षांनी. १९६८ मध्ये बेल लॅबोरेटरीजच्या टी. ए. शॅन्कॉफ यांनी बायक्रोमेट-जिलेटिनमध्ये होलोग्राम करून दाखवला, आणि मुख्य म्हणजे रंग टिकवला. युक्ती काय? काच धुतल्यावर ती सावकाश वाळू द्यायची नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पाणी एकदम ओढून काढायचं. पाणी पिऊन फुगलेल्या जिलेटिनमधून पाणी झटक्यात गेलं की कडक भाग आणि मऊ भाग यांची ठेवण वेगवेगळी गोठते, आणि त्यांच्यातला फरक कितीतरी पटींनी वाढतो. आत नेमकं काय होतं, सूक्ष्म पोकळ्या पडतात की धाग्यांची रचना बदलते, यावर जाणकारांत पुढे बरीच चर्चा झाली. दुसऱ्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेतल्या एल. एच. लिन यांनी थर आधी थोडा कडक करून घेण्याची पद्धत दिली आणि काम भरवशाचं झालं. गंमत म्हणजे हे लोक बऱ्याचदा कोडॅकच्या तयार फोटोप्लेट आणायचे, त्यातली महागडी चांदी धुऊन फेकून द्यायचे आणि उरलेलं उत्तम जिलेटिन वापरायचे.

प्रत्यक्ष कृती ऐकली तर परभणीची अंधारी खोली आठवते. काचेवर जिलेटिनचा सारखा थर. मग साधारण ५ टक्के अमोनियम डायक्रोमेटच्या द्रावणात बुडवणं, लाल उजेडात. अंधारात वाळवणं. मग लेसर. थर आळशी आहे: दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० मिलिज्यूल उजेड खातो, चांदीच्या प्लेटच्या शेकडो पट. म्हणजे १०० मिलिवॅटचा लेसर १० बाय १० सेंटिमीटरच्या काचेवर पसरवला तर शंभरेक सेकंद उघडा ठेवावा लागणार. त्या शंभर सेकंदांत काच किंवा वस्तू ५० नॅनोमीटर जरी सरकली तरी पापुद्रे पुसले गेले म्हणून समजा. म्हणून हे लोक वाळूच्या किंवा हवेच्या गादीवर टेबल ठेवतात आणि रात्री काम करतात. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर जाऊन चालत नाही.

मग पाण्यात धुणं, पिवळेपणा जाईपर्यंत. मग अल्कोहोल: अर्धं पाणी-अर्धं अल्कोहोल, मग ९० टक्के, मग शुद्ध. शेवटी गरम हवेचा झोत. आणि इथे तो क्षण येतो ज्यासाठी हे सगळं करायचं. बाहेर काढलेली काच आधी नुसती पारदर्शक दिसते, आणि हवेच्या झोतात ती कोरडी होत जाते तसतसा आत रंग पेटत जातो. चांदीचे कण नसल्याने मळकटपणा नाही. आलेल्या उजेडातला ९० टक्क्यांहून जास्त उजेड चित्राच्या कामी लावता येतो. जिलेटिन किती फुगलेलं राहिलं त्यावर रंग ठरतो: थर १० टक्के जाड राहिला तर निळ्याचा हिरवा, २० टक्के राहिला तर पिवळा. बिघडलं, दुधी झालं, रंग चुकला, तर काच पुन्हा पाण्यात टाका, पुन्हा अल्कोहोल, पुन्हा वाळवा. चांदीच्या प्लेटवर अशी दुसरी संधी मिळत नाही.

पण तीच ओल याचा काळही आहे. उघडी ठेवलेली काच पावसाळी हवेत पाणी ओढते, पापुद्रे सुजतात, रंग आधी लालीकडे सरकतो आणि मग चित्रच विरतं. म्हणून कडेचं जिलेटिन खरवडून काढून वर दुसरी काच चिकटवतात आणि हवा बंद करतात.

दुसरी अडचण रंगाची. बायक्रोमेट निळ्या उजेडाला जागतं, हिरव्याला थोडंफार, लालला अजिबात नाही. म्हणूनच तर लाल बल्ब चालतो. पण कॉलेजांत परवडणारा हीलियम-निऑन लेसर लाल! यावर १९७६ मध्ये जपानच्या कुबोता आणि सहकाऱ्यांनी मेथिलीन ब्लू घालण्याचा उपाय केला. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत चांगकाकोटी आणि पप्पू यांनी १९८० च्या दशकात या निळ्या रंगाच्या प्लेटवर नेटाने काम केलं: आम्लता किती ठेवावी, प्लेट किती दिवस टिकते. मेथिलीन ब्लू म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत कांद्याच्या पापुद्र्याला रंग द्यायला वापरतात ते.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. कापसाच्या बियाण्याच्या पाकिटावर चमकणारं स्टिकर असतं, त्यालाही आपण होलोग्राम म्हणतो आणि ते बरोबरच आहे. पण ते ठशाचं काम. निकेलच्या साच्याने प्लॅस्टिकवर नक्षी दाबलेली, मागे ॲल्युमिनियमचा मुलामा, लाखोंनी निघतं. बायक्रोमेट-जिलेटिनचा होलोग्राम एकेक करून बनतो. लढाऊ विमानाच्या पायलटसमोर जी काच असते, जिच्यावर आकडे तरंगताना दिसतात आणि पलीकडचं आकाशही दिसतं, तिच्यात हा वापरला गेला. आणि दुर्बिणींत. दक्षिण आफ्रिकेत सदरलँडला सॉल्ट नावाची प्रचंड दुर्बीण २००५ मध्ये सुरू झाली. तिच्या मुख्य वर्णपटमापकात ताऱ्यांचा उजेड फाकवायला ज्या जाळ्या आहेत, त्या दोन काचांमध्ये बंद केलेल्या बायक्रोमेट-जिलेटिनच्या थराच्या आहेत. या दुर्बिणीत पुण्याची आयुका भागीदार आहे. म्हणजे फोटोझिंको प्रेसच्याच गावातली माणसं आज त्या सरसातून आकाशगंगा बघतात.

आता न सांगून चालणार नाही असा भाग. बायक्रोमेट विष आहे. त्यातलं सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक. कातडीवर बसत राहिलं की चट्टे येतात, आणि बारीकशी जखम असेल तर तिथे खोल, न दुखणारं, लवकर न भरणारं भोक पडतं. युरोपात २०१७ पासून खास परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या वर नको, असं आपलं भारतीय मानक सांगतं. आता हिशेब करा, फ्रेम धुतल्यावर नाल्यात गेलेलं ते पिवळं पाणी. प्रयोगशाळेतल्या माणसाला हातमोजे होते, बाटलीवर कवटीचं चित्र होतं. लोणावळ्याच्या आणि रतलामच्या खोल्यांत काय होतं, ते कुणी लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही. आमच्याकडे हातमोजे नव्हते. काकांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या पेरांवर गोल खड्डे होते. मी इतके दिवस त्यांना भाजल्याच्या खुणा समजत होतो.

कुणाला घरी होलोग्राम करून बघायची हौस आली असेल तर, मंडळी, बायक्रोमेटच्या वाटेला जाऊ नका. आता ओलं काम न लागणाऱ्या फोटोपॉलिमरच्या फिल्म मिळतात.

हा भाग तयार करताना मी परत त्या दुकानात गेलो. आता तिथे फ्लेक्सचं मशीन आहे. पत्रिका बऱ्याचशा व्हॉट्सॲपवर जातात. थोडंफार स्क्रीनचं काम येतं, त्याला तयार निळं इमल्शन मिळतं, बायक्रोमेट न घालता चालणारं. काका थकलेत, पण गल्ल्यावर बसतात. मागच्या खोलीत फळीवर ती बरणी होती. लेबल गळालेलं, तळाशी दोन मुठी नारिंगी खडे. त्यांचा मुलगा म्हणाला, टाकून देऊ का नालीत? मी नको म्हणालो, आणि आम्लाच्या पाण्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घातलं की नारिंगीचं हिरवं होतं, जहर उतरतं, तरीही तो गाळ नालीत सोडायचा नसतो, घातक कचरा उचलणाऱ्यांकडेच द्यावा लागतो, असं सगळं सांगत बसलो. मग सॉल्ट दुर्बिणीचंही सांगितलं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. बरणी हातात घेऊन उजेडाकडे धरली. "ह्यानं तिकडं चांदण्या बघतात व्हय?" एवढंच म्हणाले, आणि मुलाला सांगितलं, वरच्या फळीवर ठेव, पोरांचा हात जाईल.